६४ कामांचा तक्ता: माहितीच्या अर्जापासून सामाईक नकाशापर्यंत

मे २०२३ मध्ये आमच्या गल्लीचे डांबरीकरण झाले आणि जूनच्या शेवटच्या आठवड्यात पावसाने जोर धरल्यावर चार दिवसांत त्यातली खडी मोकळी झाली. हे काम कोणी केले, किती रकमेत केले आणि ते किती काळ टिकवण्याची जबाबदारी कोणाची आहे, एवढेच तीन प्रश्न मला पडले होते. त्यांची उत्तरे मिळवायला आणि ती इतरांनाही पाहता येतील अशी मांडायला पुढचे जवळजवळ वर्ष गेले. माहितीचा अर्ज कसा करावा हे सांगणारा मजकूर पुष्कळ सापडतो. मिळालेल्या कागदांचे पुढे काय करावे हे सांगणारा फारसा सापडत नाही, म्हणून हा सगळा प्रवास क्रमाने लिहून ठेवत आहे.

सुरुवात महानगरपालिकेच्या संकेतस्थळापासून केली. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ (१) (ख) नुसार प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने १७ बाबींची माहिती आपणहून प्रसिद्ध करायची असते, आणि लोकांवर अर्ज करण्याची वेळ कमीत कमी यावी यासाठी प्रयत्न करायचा असतो, असेही त्याच कलमात पुढे म्हटले आहे. संकेतस्थळावर त्या १७ बाबींचे पान होते. परंतु त्यातील अधिकाऱ्यांची यादी सात वर्षांपूर्वीची होती आणि प्रभागनिहाय कामांची यादी कोठेच नव्हती. काही पीडीएफ सापडल्या, पण त्यांतला मजकूर कॉपी केला की जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमुळे नुसती निरर्थक अक्षरे उमटत. तरीही त्या संध्याकाळी ती सगळी पाने इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर जतन करून ठेवली, याचे मला आजही समाधान वाटते, कारण ऑक्टोबरमध्ये संकेतस्थळाची रचना बदलली तेव्हा त्यांतले निम्म्याहून अधिक दुवे बंद पडले आणि आमच्याकडे मात्र तारखेसह प्रती शिल्लक राहिल्या.

पहिला अर्ज मी एकटीने ३ जुलै २०२३ रोजी दिला आणि तो चुकला. 'आमच्या भागातील रस्ते निकृष्ट का होतात', 'संबंधितांवर कारवाई का झाली नाही' असे प्रश्न त्यात होते, शिवाय दिवाबत्ती आणि गटारे यांचाही उल्लेख होता. २९ दिवसांनी उत्तर आले की, माहिती प्रश्नार्थक स्वरूपात मागितली असून ती एकाहून अधिक विषयांशी संबंधित आहे. मला फार वाईट वाटले, परंतु नियम वाचल्यावर उत्तर बरोबर असल्याचे मान्य करावे लागले. कायद्याने आपल्याला कार्यालयाकडे असलेला अभिलेख मिळतो. 'का' या प्रश्नाचे उत्तर नस्तीत लिहिलेले नसेल, तर ते नव्याने लिहून देण्याचे बंधन अधिकाऱ्यावर नाही. आणि महाराष्ट्रात २०१२ च्या नियमबदलापासून एका अर्जात एकच विषय, तोही १५० शब्दांच्या आत, अशी मर्यादा आहे.

याच सुमारास समाजमाध्यमावरील परिसराच्या गटात मी हे सर्व लिहिले आणि सहा जण बरोबर आले. त्यांत एका शासकीय विभागातून निवृत्त झालेले उपअभियंता होते, ज्यांना आम्ही सगळे काका म्हणतो; एक जण हिशेबाचे काम करणारे होते, दोन महाविद्यालयीन विद्यार्थी होते आणि दोघी जणी नोकरी सांभाळून रात्री वेळ देणाऱ्या होत्या. विद्यार्थ्यांपैकी एकाने आम्हाला ब्रिटनमधील 'व्हॉट डू दे नो' हे संकेतस्थळ दाखवले. तेथे २००८ पासून नागरिकांचा अर्ज आणि त्यावर कार्यालयाने दिलेले उत्तर, दोन्ही सर्वांना दिसतील असे ठेवले जातात, त्यामुळे एकाने विचारलेले दुसऱ्याला पुन्हा विचारावे लागत नाही. ते पाहताना मनात आले की, आपल्याकडे किती जणांच्या कपाटांत माहितीच्या अधिकाराचे गठ्ठे पडून असतील, आणि प्रत्येकाने तेच कागद पुन्हा पैसे भरून आणले असतील. आपण मिळवलेले प्रत्येक पान सर्वांना दिसेल अशा ठिकाणी ठेवायचे आणि तक्त्यातील प्रत्येक ओळीमागे असे एक पान असलेच पाहिजे, एवढा नियम आम्ही त्या रात्री ठरवला. पुढे वाद झाले, माणसे थकली, तरी तो नियम मोडला नाही.

दुसरा अर्ज काकांनी सांगितला तसा लिहिला: '१ एप्रिल २०२१ ते ३१ मार्च २०२३ या कालावधीत प्रभाग क्रमांक अमुक येथे रस्त्यांच्या कामांसाठी दिलेल्या सर्व कार्यादेशांच्या प्रती मिळाव्यात.' एकच वाक्य, एकच विषय, कालावधी स्पष्ट आणि कागदाला कार्यालयात जे नाव आहे तेच नाव. शासनाचे ऑनलाइन अर्जाचे संकेतस्थळही आहे, तेथे आपली संस्था यादीत आहे का ते आधी पाहावे; आम्ही मात्र जोडपत्र 'अ' (अर्जाचा ठरलेला नमुना) भरून, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून ७ ऑगस्ट रोजी खिडकीवर अर्ज दिला आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकासह शिक्का घेतला. ही पोच जिवापाड जपावी, कारण पुढच्या सगळ्या मुदती तिच्यावरच्या तारखेपासून मोजल्या जातात.

४ सप्टेंबरला पत्र आले: २१२ पाने, प्रत्येकी २ रुपये, एकूण ४२४ रुपये भरावेत. येथे एक बारकावा सांगते. शुल्क भरण्याचे पत्र निघाल्यापासून आपण पैसे भरेपर्यंतचा काळ ३० दिवसांच्या मुदतीतून वगळला जातो, म्हणून पैसे भरायला आपण उशीर केला तर तो आपल्याच खात्यावर पडतो. आम्ही दुसऱ्याच दिवशी भरले आणि १४ सप्टेंबरला गठ्ठा हातात आला. त्यात ६४ कामे निघाली. एका प्रभागात दोन वर्षांत रस्त्यांची ६४ कामे झाली असतील याची आमच्यापैकी कोणालाच कल्पना नव्हती.

कार्यादेशावरून काम कोणाला दिले ते कळते, प्रत्यक्षात किती झाले ते कळत नाही. त्यासाठी मोजमाप पुस्तिका पाहावी लागते, जिला कार्यालयात सगळे 'एमबी' म्हणतात. २५ सप्टेंबरला तिच्यासाठी अर्ज दिला आणि ३० दिवसांत काहीच उत्तर आले नाही. मुदत संपल्यापासून ३० दिवसांत पहिले अपील करता येते. जोडपत्र 'ब' आणि २० रुपयांचा स्टॅम्प लावून ते ३० ऑक्टोबरला दिले. सुनावणी २८ नोव्हेंबरला झाली. मला त्या दिवसाची भीती वाटत होती, कारण सुनावणी म्हणजे न्यायालयासारखे काहीतरी असेल अशी समजूत होती. प्रत्यक्षात ते एका दालनात, टेबलासमोर झालेले पंधरा मिनिटांचे बोलणे होते. मी फक्त तारखांचा कागद पुढे ठेवला. आदेश असा झाला की, सात दिवसांत अभिलेखाची पाहणी करू द्यावी आणि, मुदत उलटून गेल्यामुळे, कलम ७ (६) नुसार प्रती विनामूल्य द्याव्यात.

पाहणीसाठी ४ आणि ११ डिसेंबर असे दोन सोमवार गेलो. जिल्हास्तरीय कार्यालये आणि स्थानिक स्वराज्य संस्था यांच्यासाठी २०१८ चा शासन निर्णय आहे, त्यानुसार दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत नागरिकांना अभिलेख पाहता येतो. अर्ज करण्यापूर्वीच हा मार्ग वापरला असता तर कोणते कागद नेमके मागायचे हे आधी कळले असते आणि आमचे कदाचित दोन महिने वाचले असते. अभिलेख कक्षातील लिपिक बाई पहिल्या दिवशी अवघडल्या होत्या. काकांनी स्वतःहून सांगितले, "ताई, आम्ही कोणाची तक्रार घेऊन आलेलो नाही, आम्हाला फक्त वाचायचे आहे. कपाटातून काढायला मदत हवी असेल तर सांगा." दुसऱ्या सोमवारी त्यांनी आमच्या यादीच्या क्रमाने पुस्तिका आधीच काढून ठेवल्या होत्या.

मोजमाप पुस्तिका मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिली. लांबट, जाड पुठ्ठ्याची, पानांवर छापील क्रमांक असलेली वही. डावीकडे कामाचा तपशील आणि पुढे संख्या, लांबी, रुंदी, जाडी आणि परिमाण यांचे रकाने. आमच्या गल्लीचे पान ४१ व्या क्रमांकावर होते. निळ्या शाईत '० ते ४५', '४५ ते ९०' असे टप्पे, प्रत्येक टप्प्याची रुंदी वेगळी, कारण गल्ली मधेच अरुंद होते; तिसऱ्या ओळीत एक आकडा खोडून वर दुसरा लिहिलेला आणि त्याशेजारी आद्याक्षरी. काकांनी त्या आद्याक्षरीवर बोट ठेवले आणि म्हणाले, "खोडले म्हणजे चोरी केली असे नाही. खोडून सही केली, म्हणजे नियमाने केले. सही नसेल तर विचारायचे." त्या एका वाक्याने आमचे वाचणे बदलले. प्रत्येक डागात गैरव्यवहार शोधायला आम्ही उत्सुक झालो होतो, हे मला तेव्हा जाणवले.

जानेवारी २०२४ मध्ये ३८६ पाने विनामूल्य मिळाली. मात्र ६४ पैकी पाच कामांच्या पुस्तिका 'अभिलेखात आढळून येत नाहीत' असे लेखी उत्तर होते. पहिल्या अपिलाच्या आदेशापासून ९० दिवसांत दुसरे अपील राज्य माहिती आयोगाकडे करावे लागते. ती मुदत २६ फेब्रुवारीला संपत होती. जोडपत्र 'क', २० रुपये आणि आतापर्यंतच्या सर्व कागदांच्या प्रती जोडून आम्ही ते २० फेब्रुवारीला दाखल केले.

यानंतरचे काम कोणत्याही कार्यालयात झाले नाही, ते रात्री साडेनऊनंतर आपापल्या घरी झाले, आणि तेच सर्वांत अवघड गेले. सामाईक तक्ता ऑनलाइन उघडला आणि पहिल्याच आठवड्यात तो बिघडला. कोणी रक्कम लाखांत लिहिली, कोणी रुपयांत; कोणी तारीख दिवसाने सुरू केली, कोणी महिन्याने; मी स्वतः सगळे आकडे देवनागरीत भरले आणि मग बेरीजच होईना, कारण तक्ता त्यांना आकडे न मानता मजकूर मानत होता. हिशेबाच्या सहकाऱ्यांनी एक संपूर्ण रविवार देऊन रकाने बांधून दिले: कामाचे नाव कागदावर आहे तसेच्या तसे, कार्यादेश क्रमांक, दिनांक, अंदाजपत्रकीय रक्कम, निविदा रक्कम, लांबी, रुंदी, जाडी, पुस्तिका क्रमांक आणि पान, दोषदायित्व कालावधीची (काम बिघडल्यास ठेकेदारानेच दुरुस्त करून देण्याच्या मुदतीची) अखेर, स्कॅन केलेल्या पानाचा दुवा, नोंद करणारा, तपासणारा. जेथे कागदावर माहिती नाही तेथे शून्य लिहायचे नाही, रकाना रिकामा ठेवून शेजारी 'नोंद नाही' लिहायचे. शून्य रुपये आणि माहीत नसलेले रुपये यांत फार मोठे अंतर आहे.

पाने वाटून घेण्याची कल्पना आम्हाला २००९ मधील एका उदाहरणावरून सुचली. ब्रिटिश खासदारांच्या खर्चाची साडेचार लाखांहून अधिक पाने गार्डियन या वृत्तपत्राने तेव्हा वाचकांपुढे ठेवली होती आणि एकेक पान वाचून त्यात काय आहे ते नोंदवण्याचे आवाहन केले होते. आमची पाने जेमतेम सहाशे होती, तरीही एकाच माणसाने वाचायची म्हटली असती तर ती कपाटातच राहिली असती. प्रत्येक पान दोघांनी स्वतंत्रपणे नोंदवायचे, नोंदी जुळल्या तर पुढे जायचे, न जुळल्यास काकांनी मूळ पान पाहायचे अशी पद्धत ठेवली. मजकूर ओळखण्यासाठी टेसरॅक्ट ही मुक्त प्रणाली वापरून पाहिली. ती मराठी वाचते, परंतु छापील मजकुरापुरतीच उपयोगी पडली आणि फिकट पानांवर १ आणि ९ यांची गल्लत करत होती. हस्ताक्षरातील आकडे शेवटपर्यंत डोळ्यांनीच वाचावे लागले.

कागदांवर काही तक्रारदारांचे दूरध्वनी क्रमांक आणि मजुरांची नावे होती. कागद कायदेशीर मार्गाने मिळाला, म्हणून त्यावरील प्रत्येक गोष्ट जगापुढे ठेवणे योग्य ठरत नाही, यावर आमचे एकमत होते. येथे एक तांत्रिक सावधगिरी आवश्यक आहे: पीडीएफवर नुसती काळी पट्टी ओढली तर खालचा मजकूर अनेकदा तसाच राहतो आणि निवडून कॉपी करता येतो. आम्ही पाने आधी चित्रांत रूपांतरित केली, त्यांवर पट्टी मारली आणि मग पुन्हा पीडीएफ बनवली.

मार्चमध्ये देयकांच्या प्रतींसाठी आणखी एक अर्ज दिला. १६ मार्चला लोकसभा निवडणुकीची आचारसंहिता लागू झाली आणि खिडकीवर तोंडी सांगण्यात आले की, आता जूनपर्यंत काही मिळणार नाही. आचारसंहितेमुळे माहिती अधिकाराची मुदत थांबते अशी तरतूद कायद्यात नाही. मी एवढेच म्हणाले, "हे मला लेखी द्याल का?" त्यानंतर २९ व्या दिवशी माहिती मिळाली, ५८ पाने, ११६ रुपये. तोंडी नकार मिळाला की वाद न घालता तो लेखी मागावा, हे मी आता प्रत्येकाला सांगते.

नकाशाचा भाग विद्यार्थ्यांनी सांभाळला. ओपनस्ट्रीटमॅप हा २००४ पासून लोकांनीच भरत आणलेला नकाशा आहे आणि त्यात गुगल मॅप्सवरून पाहून काहीही उतरवायचे नाही असा नियम आहे, म्हणून दोघे चार रविवार प्रभागातून पायी फिरले, पाट्यांवरची नावे टिपली आणि गल्ल्या नोंदवल्या. रस्त्याचा पृष्ठभाग डांबरी आहे की काँक्रीटचा, हे त्या नकाशात बसते; कामाचा खर्च आणि ठेकेदार ही त्या नकाशाची माहिती नाही. ती यूमॅप या साधनावर वेगळा थर करून ठेवली, म्हणजे रस्त्यावर टिचकी मारली की कार्यादेशाचा क्रमांक दिसतो आणि तेथून मूळ पान उघडते. संपादनाचा अधिकार आम्हा सात जणांकडे ठेवला, इतरांना दुरुस्ती सुचवता येते, आणि प्रत्येक बदलाचा इतिहास सर्वांना दिसतो.

५ मे २०२४ रोजी आम्ही ते सर्व खुले केले आणि तीनच दिवसांत आमची चूक उघडी पडली. 'मारुती मंदिर ते विहीर' आणि 'विहीर रस्ता' या दोन नोंदी आम्ही एकाच रस्त्याच्या धरल्या होत्या, आणि 'चौदा महिन्यांत दुसऱ्यांदा काम' असा शेरा लिहिला होता. कनिष्ठ अभियंत्यांचा फोन आला. ते रागावलेले नव्हते, दुखावलेले होते. "मॅडम, त्या भागात विहिरी दोन होत्या. एक बुजवली. तुम्ही या, मी दाखवतो." दुसऱ्या दिवशी काका आणि मी गेलो. बुजवलेल्या विहिरीच्या जागी आता चारचाकी गाड्या उभ्या राहतात; तिच्या काठाचे दोन दगड मात्र भिंतीच्या बुडाशी दिसतात. पुस्तिकेतील शून्य टप्पा त्या दगडांपासून मोजला होता. आम्ही तेथेच उभे राहून नोंद दुरुस्त केली, काय चुकले होते ते तारखेसह खाली लिहिले आणि त्यांची क्षमा मागितली. त्या रात्री तक्त्यातील शेऱ्यांचा रकानाच आम्ही काढून टाकला. रस्त्यांची नावे लोकांच्या आठवणींवरून पडतात, आठवणी कागदावर येताना अर्ध्या होतात, आणि अशा अर्ध्या नावांवरून कोणावर ठपका ठेवण्याचा आम्हाला अधिकार नव्हता.

त्या भेटीनंतर त्याच अभियंत्यांनी आणखी तीन नावांतील गोंधळ स्वतःहून कळवला. शिवाय तक्त्यावरून दिसले की, आमच्या गल्लीसह नऊ रस्ते अजून दोषदायित्व कालावधीत आहेत, म्हणजे त्यांची दुरुस्ती ठेकेदाराने स्वखर्चाने करायची आहे. त्या नऊ रस्त्यांवरील रहिवाशांनी कार्यादेश क्रमांक आणि कालावधीची अखेर लिहून तक्रारी दिल्या. आजवर चार ठिकाणी डागडुजी झाली आहे. आमच्या गल्लीत ती जूनच्या पहिल्या आठवड्यात झाली. दोन ठिकाणी तपासणी होऊन गेली आणि उरलेल्या तीन ठिकाणांचे उत्तर आलेले नाही.

खर्चाचा हिशेबही तक्त्याच्या दुसऱ्या पानावर ठेवला आहे: अर्जांचे शुल्क, प्रती आणि दोन अपिले मिळून ६२० रुपये, झेरॉक्स आणि टपाल वेगळे. वेळेचा हिशेब आम्ही ठेवला नाही, तो ठेवायला हवा होता, कारण नव्याने येणारे पहिला प्रश्न तोच विचारतात.

शेजारच्या प्रभागातील चौघांनी आमचे रकाने तसेच उचलून आपला तक्ता सुरू केला आहे आणि त्यांचा पहिला अर्ज गेल्या सोमवारी, आधी अभिलेखाची पाहणी करून, गेला. आमच्या तक्त्यात पाच ओळी अजून अर्ध्या आहेत. त्यांच्या मोजमापाच्या रकान्यांत 'नोंद नाही' आणि दुव्याच्या जागी दुसऱ्या अपिलाची प्रत आहे. सुनावणीचे पत्र आले की तेही तेथेच जोडले जाईल.